बाजूला लावलेली टिकली

कोल्हापूरला तीन दिवस राहून मी अंबाबाईचं दर्शन न घेता परत आलो, याचा आमच्या घरी अजून राग आहे. लॉज शाहूपुरीत होता आणि देऊळ रिक्षाने दहा मिनिटांवर. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेळ मिळाला नाही हे खरं. त्यानंतर मिळाला होता, पण देवीसमोर हात जोडून उभं राहायला मला तोंड नव्हतं. बायकोला सांगितलं, गर्दी फार होती. ते खोटं. खरं काय झालं ते इथे लिहितो. ती हे वाचेलच, म्हणजे तिला वेगळं सांगायला नको.

मी नागपूरचा. पंचवीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतोय आणि माझा विषय घडवलेला प्रकाश. म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. साध्या लेझरच्या शलाकेसमोर बोट धरलं की मागे सावली पडते आणि ती पडतच जाते. तीच शलाका काचेच्या चपट्या शंकूतून नेली, तर तिच्या मध्यभागी एक बारीक, झगझगीत ठिपका तयार होतो, भोवती कड्यांवर कडी. आणि त्या ठिपक्यासमोर आडकाठी ठेवली तरी तो थोडा वेळ नाहीसा होऊन पुढे पुन्हा उगवतो. चमत्कार नाही. मधल्या ठिपक्याचा प्रकाश मधून आलेलाच नसतो, तो चहूबाजूंनी तिरका आत येत असतो. मुख्य गल्ली बंद केली तरी बाजूच्या बोळांतून माणसं चौकात पोचतात, तसं. लोकांना हे फार आवडतं. मी ते गावोगाव दाखवत फिरतो आणि टाळ्या घेतो.

शाहूपुरी

कोल्हापुरातल्या एका कॉलेजाने भोवतालच्या तालुक्यांतल्या शिक्षकांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती, त्यासाठी मला बोलावलं. सकाळी उतरलो, अंघोळ केली आणि मिसळ खायला खाली आलो. आम्ही नागपूरकर तिखटाच्या बाबतीत अंमळ गर्विष्ठ असतो. तर्रीपोह्यांवर वाढलेला माणूस मी, मिसळीला काय भिणार? मालकाला म्हटलं, कट जास्त द्या. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "पावणं, आदी खावा, मग मागा." मी ऐकलं नाही. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने दह्याची वाटी आणून ठेवली. मिसळीबरोबर इथे आमच्यासारखा पाव नसतो, ब्रेडचे जाड काप असतात. त्यांचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

ही फजिती मी उगाच सांगत नाही. त्या दिवशी माझी जी दुसरी फजिती व्हायची होती, तिच्यापुढे ही गोड वाटावी अशी होती.

प्रयोगशाळा

चाळीस शिक्षकांसमोर मी माझी पेटी उघडली. लेझर होता, भिंगं होती, सरकता कॅमेरा होता. शंकूच्या जागी स्पंजमध्ये नुसता गोल खड्डा. परदेशातून मागवलेला तो काचेचा शंकू मी पुसायला म्हणून बाहेर काढला होता आणि तो नागपुरात माझ्या टेबलावर, पेपरवेटच्या शेजारी राहिला होता. शंकू नाही म्हणजे कार्यशाळाच नाही. विभागप्रमुख माझ्याकडे बघत होते आणि मी पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात बोट घालून बघत होतो.

मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. तिशीच्या पुढच्या, खांद्याला एसटीच्या प्रवासाने मळलेली कापडी पिशवी. विभागप्रमुखांनी ओळख करून दिली: शिवलीला मगदूम, गडहिंग्लजच्या बाजूच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढेच पैसे. मी नमस्कार केला. नाव ऐकून मला काहीही आठवलं नाही, हे लक्षात ठेवा.

त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. ॲक्रिलिकचा शंकू. म्हणाल्या, "माझ्या मामांनी लेथवर कातलाय, सर. चालतो." मनातल्या मनात मी हसलो. लेथवर कातलेल्या प्लास्टिकमधून काय प्रकाश घडणार? पण बुडत्याला काडीचा आधार. शंकू बसवला, लेझर लावला आणि पडद्यावर चित्र आलं. मधे ठिपका, भोवती कडी, मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. माझ्या काचेच्या शंकूपेक्षा फार कमी नव्हतं.

मग आडकाठी पाहिजे. मी सुई शोधत होतो, तर शिवलीलाताईंनी काचपट्टीवर काळी टिकली चिकटवून दिली, हरभऱ्याएवढी. त्यांच्याकडे निरनिराळ्या आकारांच्या टिकल्यांची पाकिटंच होती; गोल असतात, कडा स्वच्छ असतात आणि कुठल्याही कासाराकडे मिळतात. मी टिकली बरोबर मधोमध धरली. मागे कॅमेरा लावला, ठिपका गायब. कॅमेरा मागे मागे सरकवला आणि वीतभर अंतरावर ठिपका पुन्हा उगवला. टाळ्या पडल्या. मी त्या स्वीकारल्या.

"सर, टिकली बाजूला लावून बघूया का?" शिवलीलाताईंनी विचारलं.

बघूया की, असं मी तिथल्याच ढंगात म्हणालो. उत्तर आधी सांगून मग प्रयोग करायची माझी सवय आहे, त्याची वर्गावर छाप पडते. मी सांगितलं की आडकाठी मधे असो की बाजूला, जवळ नुकसान जास्त दिसेल आणि लांब जाऊ तसं भरून येईल. टिकली मध्यापासून अर्धा सेंटिमीटर बाजूला घेतली. कॅमेरा टिकलीच्या अगदी मागे होता आणि मधला ठिपका ठणठणीत. मी कॅमेरा मागे नेऊ लागलो. ठिपका मंद व्हायला लागला. फूटभर अंतरावर तो निम्म्यावर आला आणि एका बाजूला ओढल्यासारखा वाकडा झाला. आणखी मागे नेल्यावर हळूहळू सावरला.

जवळ चांगला, लांब बिघडलेला. मी सांगितलं त्याच्या बरोबर उलट. आणि ही तीन चित्रं, याच क्रमाने, मी आधी पाहिली होती.

कुठे पाहिली होती ते आठवायला मला दोन-तीन सेकंद लागले असतील. तीन वर्षांपूर्वी एका विद्यापीठाकडून माझ्याकडे एक प्रबंध तपासायला आला होता. परीक्षकाचं नाव उमेदवाराला कळत नाही, अशी पद्धत. प्रबंध नापास करून मी परत पाठवला आणि इंग्रजीत शेरा लिहिला, तो मराठीत असा: 'उमेदवाराने छायाचित्रे उलट्या क्रमाने लावली आहेत. प्रकाश कोणत्या दिशेने जातो, हे त्यांनी आधी ठरवावे.' हा शेरा मला इतका आवडला होता की स्टाफरूममध्ये चहा पिताना मी तो वाचून दाखवला होता. लोक हसले होते. मीही हसलो होतो.

तेवढ्यात विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून शिवलीलाताई फळ्यापाशी गेल्या आणि त्यांनी सगळ्यांना कारण सांगितलं. टिकलीच्या लगेच मागे मधला ठिपका ज्या प्रकाशाने बनतो तो मध्याच्या जवळूनच आलेला असतो, टिकली त्याच्या वाटेत नाही. फूटभर पुढचा ठिपका मात्र अर्धा सेंटिमीटर बाहेरून आत येणाऱ्या प्रकाशाने बनतो आणि तिथे टिकली बसली आहे. म्हणजे बाजूच्या आडकाठीची सावली आधी बाजूला असते, चालत चालत मध्यावर येते आणि पलीकडे निघून जाते. एक आकृती आणि चार वाक्यं. दहावीच्या पोराला कळलं असतं.

सगळे माझ्याकडे वळले. खरं बोलायची सर्वांत सोपी वेळ तीच होती. मी म्हणालो, "हो, हे अपेक्षितच आहे. आम्हीही पाहिलंय." आणि खडूने भरलेले हात झटकल्यासारखे केले, खडू त्यांच्या हाताला होता तरी.

त्या संध्याकाळी रंकाळ्यावर न्यायला गाडी आली होती. डोकं दुखतंय असं सांगून मी खोलीत पडून राहिलो.

उद्यमनगर

दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी मोठी होती. शिवलीलाताई म्हणाल्या, शंकू कसा केला ते बघायचं असेल तर मामांचं वर्कशॉप जवळच आहे आणि जेवायलाही तिथेच चला. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. खरं तर मला बघायचंही होतं. चूक केलेल्या जागी माणूस पुन्हा पुन्हा जातो.

आप्पामामांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांबट शेड, दोन लेथ, जमिनीवर लोखंडाचा चुरा आणि तेलाचा वास. मामा साठीच्या पुढचे, कपाळाला भस्म, अंगात निळा डगला. गडहिंग्लजकडून तरुणपणी इथे आलेले. "या पावणं, बसा की," म्हणत त्यांनी एकुलती एक खुर्ची फडक्याने पुसून दिली. मग लेथची सरकपट्टी दोन अंशांत कशी बांधली, ॲक्रिलिक तापून चिकटू नये म्हणून साबणाचं पाणी सोडत किती बारीक काप घेतले, ते सगळं हाताने करून दाखवलं. कातल्यावर ओरखडे राहतात. ते काढायला पितळेची भांडी चमकवायचं पॉलिश आणि जुन्या धोतराचं ओलं फडकं. आधीचे अकरा शंकू वाया गेले, बारावा साधला. ते अकरा मामांनी फेकले नव्हते. खिडकीत ओळीने मांडून ठेवले होते.

मला लेथवाल्यांचं हे फार आवडतं. आमच्या प्रयोगशाळांत बिघडलेल्या वस्तू लपवतात.

जेवण मागच्या दोन खोल्यांत. कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा, असं धरून मी पोटात जागा ठेवली होती. पण हे लिंगायताचं घर, शुद्ध शाकाहारी. ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि शेवटी खपली गव्हाची हुग्गी, गूळ घालून शिजवलेली खिरीसारखी घट्ट, वरून तूप. मामी आतून वाढत होत्या आणि मराठीपेक्षा कानडी जास्त बोलत होत्या. "ऊट माड्री, ऊट माड्री," म्हणजे जेवा हो, जेवा. विदर्भात आम्ही आग्रह करतो, पण पाहुणा दोनदा नको म्हणाला की सोडतो. इथे तशी सोय नाही.

मी दुसरी भाकरी मोडत असताना मामांनी विषय काढला. लीलाच्या हातचं काम पाहून मी खूश झालो असं त्यांना वाटलं होतं, त्यामुळे ते मोकळे झाले.

"पोरीचं दीड वरीस गेलं बघा, पावणं," ते म्हणाले. "कोन का मोठा परीक्षक हुता, त्यानं वाचलंच न्हाय. चित्रं उलटी लावल्यात म्हंटला. अवो, चित्राखाली ह्या पोरीनं लिवलेलं हाय, टिकली बाजूला हाय म्हून. तेवढी वळ वाचली असती तरी भागलं असतं की. व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द तसाच गेला.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. प्रबंध परत आल्यावर लीलाने सगळा प्रयोग पहिल्यापासून केला, तेच आलं. पुन्हा केला, तेच आलं. विद्यापीठाने प्रबंध दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवला, त्याने काना-मात्रा न बदलता पास केला. पण मधल्या काळात वारणानगरच्या बाजूला कायमची जागा निघाली होती. डिग्री हातात नव्हती म्हणून अर्जच टाकता आला नाही. तशी जागा पुन्हा निघालेली नाही. शिवलीलाताई खाली मान घालून हुग्गीतलं वेलदोड्याचं साल बाजूला काढत होत्या. "मामा, जेवू द्या त्यांना," एवढंच म्हणाल्या.

मामांनी माझ्या ताटात आणखी एक डाव हुग्गी वाढली. मी ती खाल्ली. त्या घरात मला शरमेने मरायला झालं होतं आणि तरी मी ताट पुसून खाल्लं, कारण टाकलं असतं तर कारण विचारलं असतं. लाजेपेक्षा मला त्या क्षणी पकडले जाण्याचीच भीती जास्त होती, हे आता लिहिताना दिसतं.

बसस्थानक

तिसऱ्या दिवशी समारोप. माणूस कबुलीजबाब टाळण्यासाठी किती उदार होऊ शकतो, ते मी त्या भाषणात दाखवलं. शिवलीला मगदूम यांच्यासारखे शिक्षक तालुक्यातालुक्यांत हवेत, म्हणालो. त्यांच्या या कामावर आपण दोघं मिळून शोधनिबंध लिहू, असंही जाहीर करून टाकलं. टाळ्या पडल्या. शिवलीलाताईंनी टाळी वाजवली नाही. नंतर मला शाल-श्रीफळ देताना त्या विभागप्रमुखांच्या शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या की हे काम छापून झालंय, सर, आता त्यात दुसरं नाव कसं घालणार?

माझी गाडी संध्याकाळची होती आणि त्यांची गडहिंग्लजची एसटी त्याच्या आधी. स्टँड माझ्या लॉजपासून चालत पाच मिनिटं. मी शाल आणि नारळ हातात घेऊन त्यांच्या मागोमाग गेलो. फलाटावर गर्दी होती, उसाच्या रसाच्या गाड्याचं घुंगरू वाजत होतं, माणसं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होती. त्यांची बस लागलेली नव्हती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"तो परीक्षक मी होतो."

त्या दचकल्या नाहीत. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"परवा फळ्यापाशी वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "काल जेवताना मामांना 'व्हय' म्हणालात, तेव्हा खात्री झाली."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"तुम्ही बोलताय का ते बघत होते."

समोरच्या निपाणी गाडीत माणसं चढत होती. मग त्यांनी विचारलं, "सर, वाचलं किती होतं?"

खोटं बोलायची ताकद संपली होती. मी म्हणालो, "चित्रं. शेवटची दोन पानं. आणि संदर्भांची यादी."

"यादी कशाला?"

"माझं नाव आहे का ते बघायला."

"होतं की."

"होतं. चार ठिकाणी."

त्या हसल्या, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. मी घाईघाईने सांगितलं की मी विद्यापीठाला पत्र लिहीन, न वाचता शेरा दिल्याचं कबूल करीन, हवं तर त्या कॉलेजलाही लिहीन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या जागेवर आता त्यांच्याबरोबर शिकलेला एक जण आहे, म्हणाल्या. चांगला शिकवतो, त्याला उगाच धक्का कशाला? विद्यापीठाला मात्र लिहा.

"आणि मामांना कळवू नका," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुम्हाला हातानं वाढलंय. त्यांना वाईट वाटंल."

मी मान हलवली.

गडहिंग्लजची गाडी लागली तसा लोंढा दाराकडे धावला. त्याही धावल्या, कोपराने वाट काढत, सराईतपणे. खिडकीची जागा मिळाली. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो, का ते माहीत नाही. गाडी निघता निघता त्यांनी वाकून विचारलं, अगदी वर्गात शंका विचारावी तशा आवाजात:

"सर, असे आणखी किती आहेत?"

मला पटकन कळलं नाही.

"न वाचता लिहिलेले," त्या म्हणाल्या, आणि गाडी हलली.

परतीची गाडी

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच आहे की मी झोपलो नाही. मिरज गेल्यावर वही काढली आणि एक तक्ता आखला. किती प्रबंध माझ्याकडे आले, त्यातले किती मी खरोखर वाचले, किती चाळले, किती परत पाठवले आणि काय लिहून. आठवत गेलं तसं उतरवत गेलो. पहाटेपर्यंत एकोणीस ओळी झाल्या. त्यातले पाच मी परत पाठवले होते आणि त्या पाचांपैकी एकही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला नव्हता.

विद्यापीठाला पत्र गेलं आहे. बाकीच्या चारांचं काय झालं ते विचारायला आणखी पत्रं लिहायची आहेत, आणि तिथेच मी अडलो आहे. त्या पाचही प्रबंधांवरचे माझे शेरे मला शब्दन् शब्द आठवतात, कारण ते मी चहाच्या वेळी लोकांना ऐकवलेले आहेत. तक्त्यातला उमेदवाराच्या नावाचा रकाना मात्र मोकळा आहे. त्यात एकच नाव लिहिता आलं, शिवलीला मगदूम. आणि तेही मला प्रबंधाच्या पहिल्या पानावरून नाही, प्रयोगशाळेत ओळख करून दिली तेव्हा कळलं.